ठिपका कळला, पण फळा कुठून आला?

तृतीया
नववीला विज्ञान शिकवते. विश्वाची उत्पत्ती आली की गेली १४ वर्षं माझी पद्धत ठरलेली. फळ्याच्या मधोमध खडूने एक ठिपका काढायचा. "आज जे जे दिसतंय, तारे, दीर्घिका, आपण, ते सगळं इथे एवढ्याशा जागेत कोंबलेलं होतं. मग महास्फोट झाला," असं म्हणत ठिपक्यापासून चारी बाजूंना बाण काढायचे. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो.

परवा बाण काढून झाले आणि तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी फारसं बोलत नाही. म्हणाली, "बाई, ठिपका कळला. पण हा फळा आधीपासून होता का?"

मी खडू हातात धरून तशीच उभी. ठिपक्याच्या बाहेर जे काळं आहे ते काय, हे १४ वर्षांत मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं. "उद्या सांगते" म्हटलं. त्याला आता तीन दिवस झाले. "अवकाशसुद्धा तेव्हाच निर्माण झालं" हे वाक्य सगळीकडे सापडतं. ते पाठ करून म्हणता येईल, पण मलाच समजलेलं नाही ते तिला कसं सांगू?

तर, स्फोट नेमका कुठे झाला? त्याच्या आधी काय होतं? आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न: दुसऱ्याचं उत्तर "माहीत नाही" असेल, तर ते वर्गात सांगायचं कसं? एक सहकारी म्हणाले, "असं सांगितलंत की मुलं म्हणतील, विज्ञानालाही ठाऊक नाही, मग काहीही मानलं तरी चालतं." मला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही.

रेणू
वाचतेय. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. शाळेत मलाही हेच वाटायचं, विचारायचा धीर कधी झाला नाही.

खगोलखिडकी
तृतीयाताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि पक्कं आहे. स्फोट "कुठे" झाला नाही, कारण तो स्फोटच नव्हता.

बॉम्ब फुटतो तेव्हा मधली एक जागा असते, भोवती आधीपासून मोकळी हवा असते आणि तुकडे त्या हवेतून उडतात. विश्वाचं तसं नाही. दीर्घिका जागेतून पळत नाहीत, त्यांच्यामधली जागाच वाढते. तुमच्या चित्रात चुकलाय तो ठिपका नाही, बाण चुकलेत. बाण काढले की मुलांच्या मनात मध्यबिंदू तयार होतो आणि बाहेर फळा लागतो.

वर्गात एक करून बघा. शिवणकामातलं रुंद इलॅस्टिक घ्या, हातभर. त्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर बटणं शिवा. शाईचे ठिपके नकोत, ते ताणले की स्वतःही पसरतात. बटण पसरत नाही. दीर्घिकाही पसरत नाहीत, त्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवतं. आता दोन मुलांना टोकं धरून इलॅस्टिक दुप्पट ताणायला सांगा. एका बटणावर बोट ठेवून मोजा: शेजारचं बटण दोन सेंटिमीटर लांब गेलं, त्याच्या पलीकडचं चार, त्याच्याही पलीकडचं सहा. सगळं एकाच वेळात. म्हणजे जितकं दूर, तितकं वेगाने जाताना दिसतं. मग बोट दुसऱ्या बटणावर ठेवा. तेच आकडे येतात! प्रत्येक बटणाला आपणच मध्ये आहोत असं वाटतं, आणि मध्ये कोणीच नसतं.

फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून कागदावर काढलं. लेमेत्र यांनी १९२७ मध्ये ते दीर्घिकांच्या निरीक्षणांशी जोडलं. १९२९ मध्ये हबल यांनी अंतर आणि वेग यांचा संबंध मोजून दाखवला.

"बिग बँग" हे नाव १९४९ मध्ये रेडिओवरच्या एका भाषणात फ्रेड हॉइल यांनी वापरलं, आणि त्यांना स्वतःला ही कल्पना मान्य नव्हती! नाव चिकटलं. आपण त्याचं "महास्फोट" केलं आणि गैरसमज आणखी घट्ट झाला. मी मुलांशी बोलताना "विश्वाचं प्रसरण" एवढंच म्हणतो.

रेणू
बटणांची कल्पना फार आवडली. पण इलॅस्टिकला टोकं आहेत की. विश्वाला टोक आहे का?

खगोलखिडकी
@रेणू, टोक असल्याची एकही खूण मिळालेली नाही. विश्व अनंत असेल तर सुरुवातीलाही ते अनंतच होतं, फक्त प्रचंड दाट आणि तप्त. ठिपक्याएवढं होतं ते आज आपल्याला दिसू शकणारं विश्व. हा फरक बहुतेक ठिकाणी गाळला जातो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. तृतीयाताई, ठिपका काढण्याऐवजी अख्खा फळाच खडूने गच्च पांढरा करा आणि म्हणा, "हे असं सगळीकडे होतं. नंतर विरळ होत गेलं." मग फळा कुठून आला हा प्रश्नच उरत नाही, कारण फळा म्हणजेच विश्व.

जुनापुराणा
चर्चा छान आहे, पण मी विरोधी बाकावर बसणार.

दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकलेला दिसतो, त्यावरून काढलेलं हे सगळं अनुमान आहे. दीर्घिका दूर जाताना कुणी डोळ्यांनी पाहिली नाही. झ्विकी यांनी १९२९ मध्येच म्हटलं होतं की लांबचा प्रवास करताना प्रकाश थकत असेल, ऊर्जा गमावत असेल, म्हणून तांबडा दिसत असेल. आणि आपले जयंत नारळीकर? हयातभर त्यांनी महास्फोटावर प्रश्नचिन्ह ठेवलं. हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये पर्यायी सिद्धान्त मांडला. एवढा मोठा माणूस मानत नव्हता, तर वर्गात "असंच झालं" म्हणून सांगणं बरोबर आहे का?

अभिजित_तारा
जुनापुराणा, तुमच्या बाकावरही कुणीतरी हवंच, म्हणून सविस्तर लिहितो.

थकलेला प्रकाश आधी. तो तांबडा होईल हे मान्य, पण तो हळू चालणारं घड्याळ दाखवणार नाही. विशिष्ट प्रकारचे अतिनवतारे (स्फोट होऊन एकदम उजळणारे तारे) उजळून मंद व्हायला ठरावीक दिवस घेतात. विश्व खरंच प्रसरण पावत असेल तर दूरच्या अतिनवताऱ्याचं हे मंदावणंही ताणलेलं दिसायला हवं. ज्याचा प्रकाश वाटेत दुप्पट ताणला गेला, त्याला मंद व्हायलाही दुप्पट दिवस. मोजलं, आणि तसंच निघालं. थकलेल्या प्रकाशाकडे याचं उत्तर नाही.

आता दुसरा पुरावा, माझ्या मते सगळ्यात भक्कम. विश्व पूर्वी तप्त होतं तर त्या उष्णतेचं काहीतरी उरायला हवं. अल्फर आणि हर्मन यांनी १९४८ मध्ये गणित करून सांगितलं की ती आज निरपेक्ष शून्याच्या वर साधारण ५ अंश केल्विन असेल. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९६४ मध्ये पेन्झियास आणि विल्सन हे दोघे शिंगाच्या आकाराच्या एका मोठ्या अँटेनावर काम करत होते आणि त्यात एक खरखर येत होती. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो वा रात्र, कोणताही ऋतू असो, खरखर तेवढीच. आत कबुतरांनी घर केलं होतं. त्यांना हलवलं, त्यांची विष्ठा हाताने खरवडून काढली, जोड पुन्हा बसवले. खरखर तशीच! शेवटी जवळच्याच प्रिन्स्टनमध्ये डिकी आणि त्यांचे सहकारी हेच प्रारण शोधायची तयारी करत होते, त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं आणि उलगडा झाला: खरखर म्हणजे तीच उरलेली उष्णता, जिला आज पार्श्वभूमी प्रारण म्हणतात. १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

नंतर १९८९ मध्ये सोडलेल्या कोबे उपग्रहाने त्याचं तापमान काटेकोर मोजलं: २.७२५ केल्विन. मोजलेले बिंदू सिद्धान्ताच्या वक्रावर इतके चपखल बसले की आलेखात ते वक्रापासून वेगळे दाखवता येत नव्हते.

आणि हा प्रकाश निघाला केव्हा? सुरुवातीनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांनी. त्याआधी इलेक्ट्रॉन सुटे होते आणि प्रकाश दाट धुक्यात अडकावा तसा त्यांच्यात अडकून पडला होता. तापमान साधारण ३००० केल्विनपर्यंत उतरलं, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले, धुकं विरलं. कोणत्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे असतील हे सांगणारं समीकरण मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दिलं. त्यांनी ते ताऱ्यांच्या वातावरणासाठी मांडलं होतं. तेच विश्वाच्या बालपणालाही लागू पडलं. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला झोप लागली नव्हती.

नारळीकरांबद्दल: त्यांनी प्रश्न विचारले ते पुराव्याच्या भाषेत. पार्श्वभूमी प्रारण आहे हे त्यांनी नाकारलं नाही. ताऱ्यांचाच प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा सोडला असेल, असं दुसरं स्पष्टीकरण दिलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पुरेसं वाटलं नाही. पण विरोध करायचा तर असा करावा, आपला आकडा पुढे ठेवून.

जुनापुराणा
अतिनवताऱ्यांचं मंदावणं मला ठाऊक नव्हतं. ते वाचल्यावर थकलेला प्रकाश मी सोडून देतो.

पण हॉइल यांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवतोच. विश्वाला सुरुवात नाही, असं ते, बाँडी आणि गोल्ड १९४८ पासून म्हणत होते. सुरुवातीचा तप्त काळ मान्य नसल्यामुळे जड मूलद्रव्यं कुठे बनली याचं उत्तर त्यांना ताऱ्यांत शोधावं लागलं. त्यातून १९५७ चं ते गाजलेलं काम झालं, बर्बिज दांपत्य आणि फाउलर यांच्यासोबत. कार्बन, ऑक्सिजन, लोह ताऱ्यांच्या पोटात शिजतात हे आज सगळे मानतात. मोठ्या वादात हरलेल्या माणसाचं काम दोन्ही बाजू आजही वापरतात. हेसुद्धा वर्गात सांगा.

अभिजित_तारा
शंभर टक्के सहमत. आणि दोन्ही मिळूनच हिशेब पुरा होतो. हायड्रोजन आणि बहुतेक हेलियम पहिल्या काही मिनिटांतलं. विश्वातल्या साध्या पदार्थाच्या वजनात साधारण तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश हेलियम. ताऱ्यांना इतकं हेलियम बनवायला आजवर मिळालेला वेळ पुरला नसता. बाकीचं मात्र जवळपास सगळं ताऱ्यांचं.

मृद्गंध
अवांतर: म्हणजे माझ्या शरीरातल्या पाण्याच्या प्रत्येक रेणूतले दोन हायड्रोजन विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांपासूनचे, आणि तिसरा ऑक्सिजन कुठल्यातरी विझलेल्या ताऱ्याचा? पाण्याचा पेला समोर ठेवून बसलेय आणि पिता येत नाहीये.

अभिजित_तारा
@मृद्गंध, हो, अगदी तसंच. प्या निवांत, पेल्यातला हायड्रोजन १३८० कोटी वर्षं टिकलाय.

निरुत्तर
आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं, हे कुणीच का लिहीत नाही? ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं वय ४५४ कोटी. एवढा जवळचा आकडा उगाच येतो का?

पूर्वपक्ष
निरुत्तर, तुमच्या भावनेचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. मी दर्शनांचा अभ्यास करतो, म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

४३२ कोटी हा आकडा युगांच्या गणनेतून येतो: ४३ लाख २० हजार वर्षांचं महायुग, अशी एक हजार. त्यात पृथ्वीवरचा दगड मोजलेला नाही. पृथ्वीचं वय युरेनियमचं शिसं व्हायला किती काळ लागतो ते मोजून काढलेलं आहे. दोन आकडे शेजारी आले म्हणून पद्धत एक होत नाही. शिवाय ब्रह्मदेवाचा दिवस हे काही पृथ्वीचं वय नव्हे.

पूर्वजांचं मोठेपण मला दुसरीकडे दिसतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त घ्या. तिथे ऋषी उत्तर देत नाही, विचारतो: "को अद्धा वेद क इह प्र वोचत्", खरोखर कोणाला ठाऊक आहे, इथे कोण सांगू शकेल? पुढे म्हणतो, देवसुद्धा या सृष्टीच्या नंतरचे, मग ती कुठून आली हे कोण जाणणार? आणि शेवटची ओळ: परम आकाशात जो या सगळ्याचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, "यदि वा न वेद", किंवा त्यालाही नसेल. सर्वोच्च जागी असलेल्यालाही ठाऊक नसण्याची शक्यता उघडी ठेवून सूक्त संपतं. तृतीयाताईंच्या "माहीत नाही कसं सांगायचं" याला यापेक्षा धीट उदाहरण मला सापडलेलं नाही.

नंतर यावर खणखणीत वाद झाले. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला विचारतो, असतातून (जे नाहीच त्यातून) सत् (जे आहे ते) कसं जन्मेल? सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं, तेल तिळात असतं तसं. न्याय-वैशेषिक म्हणतात, नाही, घडा मातीत नव्हता, तो नव्याने झाला. जैनांच्या मते विश्व अनादि-अनंत, त्याला निर्माता नाही. बुद्धाला मालुंक्यपुत्ताने विचारलं की जग शाश्वत आहे की नाही, तेव्हा त्याने बाण लागलेल्या माणसाचा दाखला दिला: बाण कोणी मारला, धनुष्य कशाचं होतं हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही म्हणशील तर मरशील. हे सगळे एकमेकांशी भांडत होते. "पूर्वजांना माहीत होतं" म्हटलं की ते भांडण पुसलं जातं, आणि माझ्या दृष्टीने आपली खरी मिळकत ते भांडणच आहे.

निरुत्तर
नासदीय सूक्त असं ओळीने कधी वाचलं नव्हतं. "त्यालाही नसेल" हे वाचून थांबलो. आकड्याचा आग्रह सोडतो.

अनाहत
इथे शास्त्र लिहिण्याएवढं माझं ज्ञान नाही, एक आठवण लिहिते.

लहानपणी आमच्याकडे काळा-पांढरा टीव्ही होता. रात्री कार्यक्रम संपले की पडद्यावर मुंग्या यायच्या. वडील रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. टीव्ही उघडून त्यांचं काम रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि मी जमिनीवर पालथी पडून त्या मुंग्या बघायचे. एका जागी नजर लावली की त्या गोल फिरतायत असं वाटायचं. एकदा विचारलं, "बाबा, कार्यक्रम बंद आहे, मग हे कुठून येतंय?" ते म्हणाले, "सगळीकडून. अँटेना जे मिळेल ते पकडते."

पुढे बऱ्याच वर्षांनी वाचलं की त्या मुंग्यांमधला साधारण शंभरावा भाग याच पार्श्वभूमी प्रारणाचा असायचा. तोवर बाबा गेले होते. कुणाला सांगावं कळेना. अभिजित यांनी ती खरखर लिहिली आणि सगळं डोळ्यांपुढे आलं. पडद्यावर बोट ठेवलं की बारीक चुरचुर लागायची. शंभरातली एक मुंगी विश्वाच्या बालपणातून निघून त्या खोलीत पोचलेली असायची. बाबांचं "सगळीकडून" हे उत्तर किती बरोबर होतं ते त्यांना कळायला हवं होतं.

रेणू
अनाहत, प्रतिसाद दोनदा वाचला.

तृतीया
अनाहत, हे मी वर्गात सांगू का? तुमचं नाव न घेता.

अनाहत
जरूर सांगा. बाबांना आवडलं असतं.

मृद्गंध
मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. आधी काय होतं? मी श्रद्धाळू आहे. सुरुवात आहे म्हटलं की सुरुवात करणारा आहे, असं मला वाटतं. यात चूक आहे का?

खगोलखिडकी
@मृद्गंध, आधी भौतिकशास्त्र कुठवर जातं ते लिहितो.

घड्याळ उलटं फिरवत नेलं की पहिल्या काही मिनिटांपर्यंत आपण ठामपणे जातो, कारण तिथलं हेलियम मोजलेलं आहे. पहिल्या सेकंदाच्या आतही बरंच जाता येतं, कारण तेवढ्या ऊर्जेच्या टकरी कणत्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देऊन आदळणाऱ्या यंत्रात, घडवून पाहिल्या आहेत. त्याच्या मागे १९८० च्या सुमारास गूथ यांनी मांडलेला महाप्रसरणाचा काळ येतो: क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात अवकाश अफाट ताणलं गेलं. त्याच्या बाजूने चांगले पुरावे आहेत, निर्णायक नाहीत. आणखी मागे, सेकंदाच्या १० च्या उणे ४३ व्या घाताशी, सापेक्षता (गुरुत्वाचा सिद्धान्त) आणि पुंजभौतिकी (अतिसूक्ष्म कणांचा सिद्धान्त) एकत्र लावावी लागते, आणि ते कसं लावायचं याचा सिद्धान्त आपल्याकडे नाही.

अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये एक समीकरण दिलं. त्याच्या आधाराने पेनरोज आणि हॉकिंग यांनी दाखवलं की काही अटी मानल्या तर सापेक्षता सिद्धान्त मागे जाता जाता एका टोकाला मोडतो, घनता अनंत होते. याचा अर्थ "तिथे अनंत घनतेचा बिंदू होता" असा नाही. "इथून पुढे माझी समीकरणं वापरू नका" असं सिद्धान्त स्वतःच सांगतोय, असा आहे. नकाशाची कड आली म्हणून जमीन संपली असं होत नाही.

पलीकडे काय, याच्या कल्पना आहेत. हार्टल आणि हॉकिंग यांनी १९८३ मध्ये मांडलं की काळालाच तिथे कड नसेल. मग "आधी काय" हे "दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेला काय" असं विचारल्यासारखं होईल. ट्रायन यांनी १९७३ मध्ये सुचवलं की पदार्थाची ऊर्जा धन आणि गुरुत्वाची ऋण, बेरीज शून्य, म्हणून विश्व निर्वातातल्या, म्हणजे रिकाम्या अवकाशातल्या, ऊर्जेच्या एका चढउतारातून आलं असेल. काही जण म्हणतात आपल्याआधी दुसरं विश्व होतं. यातलं काहीही अजून निरीक्षणाने सिद्ध नाही.

आणि त्या मुलीचा प्रश्न इथे पुन्हा येतो, या वेळी जास्त खोलवर. "निर्वातातून आलं" म्हटलं तरी निर्वात होतं, त्याचे नियम होते. म्हणजे फळा होताच! "शून्यातून विश्व" असं कुणी लिहिलं की ते शून्य कोणतं, हे मी आधी तपासतो.

पूर्वपक्ष
खगोलखिडकी यांचं शेवटचं वाक्य तत्त्वज्ञानाच्या बाजूनेही तंतोतंत खरं आहे. नियम असणं म्हणजे काहीतरी असणं. लाइबनिट्झचा प्रश्न, काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, भौतिकशास्त्राने एक पायरी मागे सरकवला, सोडवला नाही.

@मृद्गंध, चूक नाही, पण एक जोडणी तपासून घ्या. लेमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस एका भाषणात म्हणाले की विज्ञान जणू निर्मितीच्या क्षणाची साक्ष देतं. लेमेत्र यांना ते रुचलं नाही. त्यांचं म्हणणं, माझा सिद्धान्त श्रद्धेच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही; श्रद्धेला त्याच्यावर टेकू दिलात आणि उद्या सिद्धान्त बदलला तर? श्रद्धा असलेल्या शास्त्रज्ञानेच हे म्हणावं, याचं मला फार मोल वाटतं. पार्श्वभूमी प्रारण सापडल्याची बातमी त्यांना १९६६ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी समजली.

मृद्गंध
टेकू देऊ नका, हे लक्षात ठेवेन. श्रद्धा आहेच, ती कोणत्याही आकड्यावर उभी नाही हे आता जास्त स्पष्ट झालं.

रेणू
मध्येच एक शंका. विश्व १३८० कोटी वर्षांचं, मग दिसणाऱ्या विश्वाची कड ४६०० कोटी प्रकाशवर्षं दूर कशी?

अभिजित_तारा
प्रकाश चालत असताना मागची वाट ताणली जात होती. ज्या जागेवरून तो निघाला ती आज तेवढी लांब गेलीय. इलॅस्टिकवर मुंगी सोडून बघा.

जुनापुराणा
तृतीयाताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण या धाग्यावर मी स्वतःच एक मत बदललं.

मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं की महाप्रसरणाच्या काळातल्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. जगभर मथळे झळकले. वर्षभराच्या आत त्यांनीच पार्श्वभूमी प्रारण मोजणाऱ्या प्लांक उपग्रहाच्या गटाबरोबर बसून तपासलं आणि सांगितलं की ती खूण बहुतांशी आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. स्वतःचा एवढा मोठा शोध स्वतः मागे घेतला.

आजही भांडण चालू आहे. विश्वाच्या प्रसरणाचा दर पार्श्वभूमी प्रारणावरून काढला तर ६७ च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून मोजला तर ७३ च्या आसपास. एकक किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक (मेगापार्सेक हे दीर्घिकांमधली अंतरं मोजायचं एकक). दोन्ही गट काटेकोर आहेत आणि आकडे जुळत नाहीत. तुमच्या सहकाऱ्यांना सांगा, "माहीत नाही" आणि "काहीही मानलं तरी चालतं" यांच्यात हा ६७ आणि ७३ चा फरक उभा आहे. १० म्हणायला कुणी तयार नाही, ५०० म्हणायलाही नाही. कुठपर्यंत माहीत आहे ते इतक्या बारकाईने सांगता येतं, म्हणून तर पुढचं "माहीत नाही" विश्वासाचं ठरतं.

तृतीया
पाच दिवसांनी लिहितेय. तास झाला.

फळा खडूने पूर्ण पांढरा केला, तीन खडू गेले. मग डस्टरने जागोजागी हलकं पुसत विरळ केलं. दहा हिरव्या बटणांचं इलॅस्टिक नेलं होतं. दोघींनी ताणलं, बाकीच्यांनी पट्टीने मोजलं: दोन, चार, सहा. एक मुलगा म्हणाला, "माझं बटण मध्ये आहे." शेजारचा म्हणाला, "माझं पण." मला काही बोलावंच लागलं नाही.

अनाहत यांच्या मुंग्यांची गोष्ट सांगितली. मुंग्या म्हणजे काय हे आजच्या मुलांना दाखवावं लागलं, कारण त्यांच्या टीव्हीवर त्या येतच नाहीत. मग जुनापुराणा यांचे ६७ आणि ७३ फळ्यावर लिहिले आणि म्हटलं, "यातलं बरोबर कोणतं हे आज जगात कुणालाही माहीत नाही." वर्ग एकदम गप्प झाला. कंटाळून नाही, सगळे पुढे सरकून बसले होते. मागून कुणीतरी विचारलं, "मग ते कोण शोधतंय?"

आणि माझी तिसऱ्या बाकावरची. इलॅस्टिक हातात घेऊन बराच वेळ बघत होती. म्हणाली, "बाई, इथे आम्ही दोघी ताणतोय. तिथे कोण ताणतंय?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारतेय.

खगोलखिडकी
ताई, तिला चेंडू वर फेकायला सांगा. हातातून सुटल्यावर चेंडू वर जात असतो तेव्हा त्याला कोण ढकलत असतं? कोणीच नाही. सुरुवातीला मिळालेल्या वेगानेच तो चालतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला हळू करतं. विश्वाचं प्रसरणही तसंच. रोज कुणी ताणत बसायची गरज नाही. हात कोणाचा होता, तर बहुधा त्या महाप्रसरणाचा, आणि "बहुधा" हा शब्द गाळू नका.

पण पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेंडू मंदावायला हवा ना? १९९८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दूरच्या अतिनवताऱ्यांवरून मोजलं की तो किती मंदावतोय. निघालं उलटंच: चेंडूचा वेग वाढतोय. २०११ मध्ये त्याला नोबेल मिळालं. हा वेग वाढवणाऱ्या गोष्टीला कृष्ण ऊर्जा म्हणतात. विश्वातल्या एकूण ऊर्जेचा साधारण ६८ टक्के भाग तिचा आहे आणि ती नेमकी काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणजे तिची शंका निम्मी बरोबर आहे. आज खरंच काहीतरी ताणतंय.

तृतीया
उद्या पहिल्याच तासाला चेंडू नेते. फेकायला तिलाच सांगणार.